मोठ्या संख्यांची मुळं: घड्याळ नेमकं काय मोजतं?

५० सेकंद विरुद्ध ६२ सेकंद. शकुंतला देवींवरचा कुठलाही लेख उघडा, हे दोन आकडे बहुधा सापडतीलच. १९७७ साली अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात त्यांच्यापुढे एक २०१ अंकी संख्या ठेवली आणि तिचं २३वं मूळ विचारलं. म्हणजे अशी कोणती संख्या, जी २३ वेळा मांडून गुणली की ही २०१ अंकी संख्या येते? त्यांनी ५० सेकंदांत ५४६३७२८९१ हे उत्तर दिलं. आणि लेखातलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: युनिव्हॅक संगणकाला याच कामाला ६२ सेकंद लागले.

उत्तर बरोबर आहे. माझी तक्रार आहे ती त्या ‘विरुद्ध’ या शब्दाबद्दल. दोघांना एकच काम दिलं होतं का, हे त्या लेखांमध्ये कुणी विचारतच नाही. यंत्राचं नाव बहुतेक ठिकाणी युनिव्हॅक ११०१ असं छापतात, आणि ते मॉडेल १९५० सालचं. त्या यंत्रानं मूळ शोधलं, की मिळालेलं उत्तर २३ वेळा गुणून ताडून पाहिलं? संख्या आत भरायचा वेळ त्या ६२ मध्ये धरलाय का? हे माहीत नसताना ५० आणि ६२ शेजारी ठेवणं म्हणजे मुंबई-पुणे रेल्वेची वेळ आणि पुणे-मुंबई कुरियरची वेळ शेजारी ठेवण्यासारखं आहे.

पण आज मला लिहायचंय ते या तुलनेच्या आजच्या आवृत्तीबद्दल. पायथनमध्ये मोठ्या पूर्णांकाचं वर्गमूळ काढायचे दोन रस्ते आहेत: फ्लोटिंग पॉइंटवालं ‘स्क्वर्ट’ आणि अचूक पूर्णांक देणारं ‘आयस्क्वर्ट’. दोन्ही दहा लाख वेळा चालवायचे, वेळ लिहायची, आणि “फ्लोटिंग इतक्या पट वेगवान” असं शीर्षक द्यायचं, या प्रकारचं लेखन तुम्हीही वाचलं असेल. मी पूर्णांकांच्या गुणनखंडांवर पीएचडी करतेय, त्यामुळे मुळं काढणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते, या तुलनांमधले आकडे बहुतेक वेळा खरे असतात आणि निष्कर्ष बहुतेक वेळा निरुपयोगी.

का, ते सांगायला शकुंतला देवींचीच संख्या पुन्हा घेऊ. २०१ अंक म्हणजे प्रचंड मोठी संख्या वाटते. पण तिचं २३वं मूळ नऊच अंकी आहे. त्यातही २०१ अंकी संख्येचं २३वं मूळ साधारण ४९ कोटी ६२ लाख ते ५४ कोटी ८४ लाख यांच्यामध्येच असू शकतं. आणि मूळ पूर्णांकच येणार, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे प्रश्न “या संख्येचं मूळ काय?” असा नव्हता, “या सव्वापाच कोटी उमेदवारांपैकी कोण?” असा होता. शेवटचे दोन अंक तर शेपटावरूनच कळतात: संख्या विषम असेल आणि शेवटी ५ नसेल, तर २३व्या घाताचे शेवटचे दोन अंक घनाच्या शेवटच्या दोन अंकांसारखेच येतात. संख्येच्या शेवटी ७१ होते. ९१ चा घन ७५३५७१, म्हणजे मूळ ९१ वर संपणार. राहिले मधले अंक, ते लॉगॅरिथमनं काढायचे. हे सगळं डोक्यात, ५० सेकंदांत. त्यांचं कौतुक यानं कमी होत नाही, उलट ते नेमकं कशाचं करायचं हे कळतं.

आता हेच काम तुमच्या लॅपटॉपवर करा. ५४६३७२८९१ चा २३वा घात घ्या आणि त्याला १/२३ हा घातांक द्या. उत्तर येतं ५४६३७२८९०.९९९९९९ आणि पुढे काहीतरी. त्यावर ‘इंट’ लावलं की अपूर्णांक छाटला जातो आणि हातात ५४६३७२८९० येतं. चुकीचं. ‘राउंड’ लावलंत तर ५४६३७२८९१. बरोबर.

हे का होतं? फ्लोटिंग पॉइंटच्या ‘डबल’ प्रकारात ५३ बिटांची जागा असते, साधारण १६ दशमान अंक. १/२३ ही संख्या द्विमान पद्धतीत कधी संपतच नाही, त्यामुळे ती त्या ५३ बिटांत कापून ठेवावी लागते. कापताना ती किंचित कमी भरते. तूट आहे सुमारे १.२ भागिले १० चा १८वा घात, म्हणजे नगण्य. पण घातांकातली तूट मूळ संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिथमनं गुणली जाते, आणि तो इथे ४६३ च्या आसपास आहे. शेवटी उत्तरात एक कोटीत तीन एवढी तूट येते. राउंडला ती सहज पचते, इंटला नाही. ६४ चं घनमूळ १/३ घातांकानं काढलं की पायथन ४ ऐवजी ३.९९९९९९९९९९९९९९९६ देतं, त्याचंही कारण हेच.

“मग राउंड वापरू, प्रश्न मिटला,” असं म्हणाल. थांबा. फ्रान्सच्या अलेक्सी लेमेअरनं २००७ साली लंडनमध्ये एका २०० अंकी संख्येचं १३वं मूळ ७०.२ सेकंदांत सांगितलं: २४०७८९९८९३०३२२१०. संख्या शकुंतला देवींच्या संख्येपेक्षा एका अंकानं लहानच. पण मूळ १६ अंकी. इथे १/१३ डबलमध्ये किंचित जास्त भरतं. वर केला तोच हिशोब करा: जास्तीचा भाग सुमारे ४.३ भागिले १० चा १८वा घात, त्याला ४६० नं गुणा, मग मुळानं गुणा. उत्तर जवळजवळ ५ नं जास्त येतं. आता राउंड करून काही उपयोग नाही, चूक एककाच्या घरातच शिरलीय.

दोन्ही संख्या दोनशेच्या आसपास अंकांच्या, हत्यार एकच, आणि एका ठिकाणी बरोबर उत्तर तर दुसऱ्या ठिकाणी चूक. म्हणून “अतिमोठ्या संख्यांवर फ्लोटिंग चालतं का?” हा प्रश्नच अर्धा आहे. संख्या किती मोठी यानं फारसं ठरत नाही, उत्तर किती मोठं यानं ठरतं. वेळेचे तक्ते मांडणारे आडव्या अक्षावर मूळ संख्येचे अंक घेतात आणि उत्तराच्या अंकांचा कुठे उल्लेखही नसतो.

वर्गमुळाकडे येऊ. इथे फ्लोटिंगला शिव्या घालायचं कारण नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानं (विल्यम काहान हे त्यामागचं मुख्य नाव) वर्गमुळासाठी कडक नियम घालून दिलाय: खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळचा डबलच परत द्यायचा. म्हणजे स्क्वर्ट अंदाजपंचे उत्तर देत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं ते काटेकोर उत्तर देतं. फक्त तो प्रश्न आयस्क्वर्टचा नाही. आयस्क्वर्टला विचारलेलं असतं: ज्याचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा जास्त होत नाही, असा सर्वांत मोठा पूर्णांक कोणता?

तुम्ही शाळेत भागाकार पद्धतीनं वर्गमूळ काढलं असेल. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या, मग एकेक जोडी खाली उतरवायची. अंकाअंकानं वर्गमूळ काढायची रीत आर्यभटीयाच्या गणितपादात, म्हणजे इसवी सन ४९९ मध्येही आहे. त्या रीतीत शेवटी बाकी उरते, आणि माझ्या मते सगळी मेख त्या बाकीत आहे. बाकी शून्य आली तर संख्या पूर्ण वर्ग, नाहीतर नाही. अचूक पूर्णांक पद्धत ती बाकी जपते. फ्लोटिंगमध्ये बाकी नावाची वस्तूच नसते, ती गोळाबेरजेत विरून जाते.

दोन उत्तरं कुठे वेगळी पडायला लागतात? सर्वसाधारण समज असा की २ च्या ५३व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, काळजी नको, कारण तिथपर्यंतचे सगळे पूर्णांक डबलमध्ये तंतोतंत मावतात. मावतात हे खरं. पण पहिली चूक त्याच्या जवळजवळ निम्म्यावरच होते: ४५०३५९९७६१५८८२२४ या संख्येवर. हा ६७१०८८६५ चा वर्ग, उणे १. म्हणजे अचूक उत्तर ६७१०८८६४. पण खरं वर्गमूळ ६७१०८८६५ पेक्षा किती कमी आहे? एक भागिले (२ गुणिले ६७१०८८६५) इतकंच. आणि त्या परिसरात दोन शेजारच्या डबलमधलं अंतर आहे एक भागिले ६७१०८८६४. त्या अंतराचा निम्मा भाग, म्हणजे एक भागिले (२ गुणिले ६७१०८८६४), आपल्या तुटीपेक्षा केसभर मोठा. छेदात एकाचा फरक! त्यामुळे सर्वांत जवळचा डबल ठरतो ६७१०८८६५ आणि स्क्वर्ट नियमानुसार तेच देतं. नियम पाळूनसुद्धा, खाली छाटून हवं असलेलं उत्तर एकानं चुकतं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात कुणीच दोषी नाही.

६४ बिटांपर्यंतच्या संख्यांमध्ये चूक झालीच तर एकाचीच होते. म्हणून तिथे चांगला कोड फ्लोटिंगनं मूळ काढतो, त्याचा वर्ग पूर्णांकात करून पाहतो, जास्त झाला तर एक वजा करतो. स्वस्त आणि अचूक. त्यापुढे मात्र दरी रुंदावत जाते. १ वर १६ शून्यं, त्यात १ मिळवा आणि वर्ग करा. या वर्गाचं मूळ विषम आहे, पण त्या परिसरात डबलला फक्त सम पूर्णांकच लिहिता येतात. बरोबर उत्तर देण्याची सोयच नाही. २०० बिटांच्या संख्येचं मूळ १०० बिटांचं, त्यातले ५३ बिट खरे आणि उरलेले ४७ नुसती भर.

आता घड्याळ. आजच्या प्रोसेसरवर डबलचं वर्गमूळ ही एकच सूचना असते, वीसेक चक्रांत उरकणारी. पायथनमधून फंक्शन बोलावण्याचा खर्चच त्याहून मोठा. म्हणून लहान संख्यांवर दोन्ही फंक्शनांची वेळ मोजता तेव्हा तुम्ही मुख्यतः बोलावण्याचा खर्च मोजत असता. मोठ्या संख्यांवर फ्लोटिंगची रेघ आलेखात सपाट दिसते, ५० अंक असोत की ३००, आणि लोक त्या सपाट रेघेवर खूश होतात. सपाट का? कारण पहिले १६ अंक घेतले की पुढचे अंक हिशोबात जवळजवळ नसतातच. पुस्तकाचं पहिलं पान वाचून अभिप्राय देणाऱ्याला ५० पानी आणि ५०० पानी पुस्तकाला सारखाच वेळ लागतो. आणि ही रेघ ३०९ अंकांवर अचानक तुटते. डबलची कमाल मर्यादा १.८ गुणिले १० चा ३०८वा घात, त्यापुढे पायथन ओव्हरफ्लोची त्रुटी देऊन थांबतं.

मोजण्याच्या पद्धतीतही खड्डे आहेत. ‘टाइमइट’ला मोजायच्या ओळीत थेट “१० चा ४०० वा घात” लिहून दिलात, तर तो घात प्रत्येक फेरीत नव्यानं काढला जातो आणि त्याचा वेळ मुळाच्या नावावर चढतो. लहान घात पायथन आधीच सोडवून ठेवतं, मोठे नाही. म्हणजे लहान-मोठ्याची तुलना आपोआप वाकडी. संख्या ‘सेटअप’मध्ये तयार ठेवायची, एवढी साधी गोष्ट. दुसरा खड्डा छपाईचा. पूर्णांक आत द्विमान असतो, तो दशमान अंकांत छापणं हे स्वतंत्र आणि महागडं काम आहे. इतकं की २०२२ पासून पायथन ४३०० पेक्षा जास्त अंकी रूपांतर आपण मर्यादा वाढवल्याशिवाय करतच नाही, कारण लांबलचक संख्या पाठवून सर्व्हर अडकवता येत होते. मुळाच्या वेळेत छपाई मिसळली असेल तर तो तक्ता सरळ बाजूला ठेवा.

“अचूक म्हणजे संथ” या निष्कर्षावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. आयस्क्वर्ट २०१९ च्या पायथन ३.८ मध्ये आलं, मार्क डिकिन्सन यांनी लिहिलेलं. न्यूटनची रीत, पण हुशारीनं: सुरुवातीला थोडेच बिट घेऊन काम करायचं आणि प्रत्येक पायरीला अचूक बिटांची संख्या जवळपास दुप्पट करायची. त्यामुळे पूर्ण लांबीचा भागाकार फक्त शेवटच्या पायरीला करावा लागतो, आधीच्या सगळ्या पायऱ्या किरकोळ. म्हणजे वर्गमुळाची किंमत म्हणजे साधारण एका मोठ्या भागाकाराची किंमत. आता पायथनचा भागाकार शाळेतल्या रीतीचा असेल तर अंक दुप्पट झाले की वेळ चौपट होणार. तो दोष भागाकाराचा. जीएमपी या लायब्ररीत पॉल झिमरमान यांची १९९९ ची कारात्सुबा वर्गमुळाची रीत आहे, खाली वेगवान गुणाकार आहे, आणि ती बाकीसकट उत्तर देते. २००२ मध्ये झिमरमान, ईव्ह बेर्तो आणि निकोला मागो यांनी त्या कोडची बरोबर असल्याची सिद्धता कॉक या प्रणालीत यंत्राकडून तपासून घेतली. अचूकतेबरोबर वेगही मिळतो, फक्त कोणती लायब्ररी वापरली ते तक्त्यात लिहायला हवं.

आणि गंमत अशी की पायथनमध्येच तिसरा खेळाडू आहे, ज्याला या तुलनांमध्ये कुणी बोलावत नाही: ‘डेसिमल’. तो फ्लोटिंग पॉइंटच, पण किती अंक ठेवायचे ते तुम्ही ठरवायचं. न सांगता २८ अंक असतात. १०० अंकी संख्येचं मूळ ५० अंकी, तेव्हा ६० अंक मागा, मूळ काढा, खाली छाटा आणि वर्ग करून ताळा घ्या. फ्लोटिंग, आणि उत्तर अचूक. अतिशय लांब संख्यांसाठी डेसिमलचा गुणाकार पायथनच्या साध्या पूर्णांकांच्या कारात्सुबा गुणाकारापेक्षा वेगळ्या, लांबी वाढेल तशी सरस ठरणाऱ्या रीतीनं होतो. त्यामुळे तिथे “अचूक विरुद्ध फ्लोटिंग” ही विभागणीच कोलमडते. अर्थात पूर्णांकाचं डेसिमलमध्ये रूपांतर करायचा खर्च असतो आणि तो वेगळा मांडावा लागतो.

हा सगळा वाद निव्वळ हौशी वाटत असेल, तर माझ्या विषयातलं एक उदाहरण घ्या. आरएसए कूटपद्धतीची सुरक्षा दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असते. त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ असल्या तर फर्माची १६४३ सालची रीत वापरून गुणाकार फोडता येतो. गुणाकाराच्या वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याच्या वर्गातून गुणाकार वजा करायचा, उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं, नसेल तर एकानं पुढे जायचं. हे जुनाट वाटतं ना? २०२२ मध्ये हान्नो बॉक यांनी दाखवलं की काही कंपन्यांच्या प्रिंटरांनी तयार केलेल्या किल्ल्या या रीतीनं फुटतात.

आता समजा कुणी आपल्या किल्ल्या तपासायला हीच रीत लिहिली, पण वर्गमूळ फ्लोटिंगनं काढलं, कारण कुठेतरी “ते वेगवान” असं वाचलं. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंक. तिथे ओव्हरफ्लो होऊन प्रोग्रॅम बोंब मारेल आणि माणूस जागा होईल, बरं होईल. पण चाचणी म्हणून घेतलेली ३०० अंकी संख्या डबलमध्ये मावते. तिचं मूळ १५० अंकी, त्यातले पहिले १६ खरे. म्हणजे सुरुवातीचा पूर्णांकच १३० हून जास्त अंकी फरकानं भलतीकडे. तो खऱ्या मुळाच्या खाली पडला तर वजाबाकी ऋण येते, वर पडला तर बरोबर उत्तर कधीच मागे सुटलेलं असतं. प्रोग्रॅम कुठेही अडखळत नाही, ठरलेल्या फेऱ्या भराभर पूर्ण करतो आणि “गुणनखंड सापडले नाहीत” असं छापतो. वाचणारा त्याचा अर्थ “किल्ली सुरक्षित” असा घेतो. शेवटी r चा वर्ग करून ताळा घेतलात, तरी तो ताळा खोटं “हो” अडवतो, खोटं “नाही” अडवत नाही.

घरी मोजून पाहायचं असेल तर संख्या सेटअपमध्ये ठेवा, छपाई बाहेर ठेवा, पाच वेळा मोजून सर्वांत कमी वेळ घ्या (सरासरी नको, टाइमइटचं दस्तऐवजीकरणही हेच सांगतं), आणि वेळेच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: उत्तर बरोबर आलं का. त्या रकान्यासाठी ४५०३५९९७६१५८८२२४, १ वर १६ शून्यं अधिक १ याचा वर्ग, आणि २४०७८९९८९३०३२२१० चा १३वा घात या तीन संख्यांपासून सुरुवात करता येईल. तिसरीसाठी आयस्क्वर्ट चालणार नाही, ‘जीएमपीवाय२’मधलं ‘आयरूट’ घ्या. ते मुळाबरोबर मूळ अचूक निघालं की नाही हेसुद्धा सांगतं.